वाकळेची उलटी बाजू

काही वर्षांपूर्वी एका मासिकात मी गोधडीवर लेख लिहिला होता. त्यात 'मायेची ऊब' हा शब्दप्रयोग तीन वेळा आला होता. लेखातली गोधडी माझ्या आत्याने शिवलेली, म्हणून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जाऊन तो तिला वाचून दाखवला. तिने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ऊब तर दुकानातल्या ब्लँकेटलाबी असती की रं. वाकळेचं काय लिहिलंस?" मला उत्तर देता आले नाही. मग तिने विचारले, "उलटी करून बघितलीस का?" तीही बघितली नव्हती. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि मी आयुष्याची पहिली पंधरा वर्षे तिच्याखाली झोपलो आहे.

हा लेख त्या चुकीच्या दुरुस्तीसाठी लिहितो आहे. चूक माझ्या एकट्याची नाही. आपल्याकडे गोधडीबद्दल जे लिहिले जाते त्यात आजी असते, आई असते, जुने लुगडे असते, डोळ्यांत पाणी असते. गोधडी मात्र नसते. तिची रुंदी किती, थर किती, शिवण कुठून सुरू झाली, निळ्याशेजारी तो तपकिरी तुकडा का आला, याबद्दल एक ओळही सापडत नाही. एखाद्या चित्रकाराविषयी लिहिताना त्याच्या आईच्या प्रेमळपणावर आपण लेख संपवत नाही. गोधडीच्या बाबतीत संपवतो, आणि त्यालाच तिचा सन्मान समजतो.

अमेरिकेत याच्या नेमकी उलट चूक झाली. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये 'ॲब्स्ट्रॅक्ट डिझाइन इन अमेरिकन क्विल्ट्स' नावाचे प्रदर्शन भरले. जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेली क्विल्ट्स तिथे पांढऱ्या भिंतींवर अमूर्त चित्रांसारखी टांगली होती. निवडीची कसोटी एकच होती : लांबून पाहिल्यावर डोळ्यांना काय दिसते. प्रदर्शन गाजले, गावोगावी फिरले, आणि पलंगावरची वस्तू कलादालनात आली. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण दोनच वर्षांनी, 1973 मध्ये, पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकर्तीने 'क्विल्ट्स : द ग्रेट अमेरिकन आर्ट' हा निबंध लिहून या कौतुकाची चांगलीच झाडाझडती घेतली. पुरुष चित्रकारांनी विसाव्या शतकात जे केले ते या बायकांनी 'नकळत' आधी केले होते, अशा थाटाची स्तुती तिला अपमानास्पद वाटली. नकळत कसे? रंग निवडताना, तुकडा कापताना, नमुना मोडताना त्या बायका शुद्धीवर नव्हत्या काय?

मेनार्डीचा हा मुद्दा मला पूर्ण पटतो, पण तो अपुराही वाटतो. बाईला कलावंत म्हटले, तिचे नाव पाटीवर लिहिले, की अन्याय दूर होतो. पण त्याने वस्तू वाचता येतेच असे नाही. आपण भावनेने वस्तू झाकली, त्यांनी डोळ्यांनी झाकली. दोघांच्याही हातून ती ज्या घरात झाली ते घर सुटले. घर म्हणजे जिव्हाळा असे मला म्हणायचे नाही. घर म्हणजे जमिनीची लांबी-रुंदी, दिव्याचा उजेड, चुलीवरचे दूध, मध्येच उठावे लागणे, आणि रात्री अंथरूण घालण्यासाठी सगळा पसारा गुंडाळून ठेवावा लागणे. गोधडीचे किंवा क्विल्टचे रूप या गोष्टींनी ठरते असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे वाचनातून आले असे सांगितले तर खोटे ठरेल. टाळेबंदीच्या काळात मी स्वतः एक गोधडी करायला घेतली. चार फूट बाय पाच फूट, म्हणजे जेमतेम लहान मुलाला पुरेल एवढी. दोन खोल्यांचे घर, सुईत दोरा ओवण्यापलीकडे शिवणाचे ज्ञान नाही, आणि डोक्यात पुस्तकांतली रंगीत छायाचित्रे. जे व्हायचे ते झाले. पण कुठे कुठे फसलो याची यादी माझ्या आधीच्या लेखापेक्षा जास्त कामाची निघाली.

पहिले म्हणजे कापड. मला लालभडक चौकोन हवे होते, म्हणून नवे सुती कापड आणले आणि वडिलांच्या जुन्या धोतराच्या पांढऱ्यावर बसवले. पहिल्याच धुण्यात लाल रंग धोतरावर उतरला आणि नवे कापड आटून त्याच्या कडेने चुण्या पडल्या. शिवाय नव्या कापडातली खळ आणि घट्ट वीण यांमुळे चार-पाच थरांतून सुई जाईना. दोन सुया मोडल्या. त्यानंतर जुन्या लुगड्याचा खरा अर्थ कळला. गोधडीत जुने कापड असते ते काटकसरीमुळे, गरिबीमुळे, आठवणीमुळे, असे आपण लिहितो. ते खरेच आहे. पण शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याचा जायचा तो रंग गेलेला असतो, आटायचे तेवढे ते आटलेले असते, आणि धागे इतके सैल व मऊ झालेले असतात की सहा-सात थरांतूनही सुई सरकते. थोडक्यात, ते तयार कापड असते. आत्याने हे एका वाक्यात सांगितले असते, पण मी तिला विचारलेच नव्हते.

दुसरी फजिती थरांची. रोज दुपारी मी जमिनीवर काम पसरायचो आणि संध्याकाळी माणसांना वावरायला जागा हवी म्हणून घडी घालून ठेवायचो. दर घडीला आतला थर अर्धा बोट सरकायचा. कडेने आत शिवत गेलो आणि मधे पोहोचलो तेव्हा गोधडीला चांगलेच पोट आले होते. उभे-आडवे कच्चे टाके आधी घालायचे असतात हे मला ठाऊक होते, पण ती टाळता येण्यासारखी पायरी वाटली. अंगणातल्या वाकळेला कच्चे टाके असतातच. पण तिथे आणखी एक गोष्ट असते, जी मला कुठल्याही पुस्तकात दिसली नव्हती. चारी कडांनी बायका वाकळेवरच बसलेल्या असतात. त्यांच्या अंगाचे वजन थरांना धरून ठेवते. मी एकटा होतो, खुर्चीवर बसून कापड मांडीवर ओढत होतो.

इथे अमेरिकी क्विल्ट आणि आपली वाकळ यांतला खरा फरक हाताला लागला. अमेरिकी क्विल्टचा वरचा थर पुष्कळदा छोट्या चौकटींचा, 'ब्लॉक'चा, असतो. साधारण नऊ ते बारा इंचांचा चौकोन. का? तो मांडीवर मावतो. दूध उतू जायला लागले तर खाली ठेवून उठता येते आणि परत येऊन तिथूनच पुढे सुरू करता येते. असे वीस-तीस चौकोन झाले की जोडायचे, मग भर आणि अस्तर घालून चौकटीवर ताणायचे. लहान घरांत ही लाकडी चौकट दोऱ्यांनी छताला टांगत, कामापुरती खाली घेत आणि रात्री वर ओढत, म्हणजे खाली माणसे झोपू शकत. ज्या पुनरावृत्तीला व्हिटनीतल्या प्रेक्षकांनी आधुनिक चित्रकलेची पूर्वसूचना मानले, तिच्यामागे मांडीचे माप आणि मोडत जाणारा वेळ आहे. याने त्या रचनांचे मोल कमी होत नाही. सॉनेटला चौदा ओळींचे बंधन असते म्हणून कोणी त्याला कमी लेखत नाही.

वाकळ मात्र मांडीवर होत नाही. ती अंगणात पूर्ण मापाची पसरली जाते, पहिल्या दिवसापासून ती वाकळच असते, आणि शिवण कडेकडेने आत येत येत मध्यावर संपते. म्हणून तिच्यात एकसारख्या चौकटी क्वचित दिसतात. दिसतात त्या एकात एक बसलेल्या धावदोऱ्याच्या रांगा. तिचे चित्र वरच्या तुकड्यांपेक्षा टाक्यांच्या वाटेत जास्त आहे. ब्लॉकची क्विल्ट लांबून वाचता येते, वाकळेला जवळ जावे लागते. आपल्याकडच्या प्रदर्शनांत वाकळ उंचावर टांगून पुढे दोरी बांधली जाते, तेव्हा तिला परक्या भाषेत वाचण्याची शिक्षाच प्रेक्षकाला होते.

कडेकडून आत येण्याचा हाच प्रकार उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोडच्या भागात, सिद्दी बायकांच्या 'कवंदी'त दिसतो. आफ्रिकी मूळ असलेला हा समाज. त्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगीज अमलातून जंगलाकडे निसटून आले. आज ते कोकणी बोलतात आणि त्यांच्या बोलीत मराठी-कानडीची सरमिसळ आहे, त्यामुळे आपल्या वाचकाला ही माणसे परकी नाहीत. कवंदी करणारी बाई एका कोपऱ्यापासून तुकडे लावायला सुरुवात करते आणि कडेकडेने फिरत मध्याकडे येते. चारी कोपऱ्यांवर घड्या घालून केलेले जाड त्रिकोणी ठिगळ बसवतात, त्याला 'फुला' म्हणतात. तो नसेल तर कवंदी उघडी, नागडी राहिली असे मानतात. अंगावर घेणाऱ्याला त्या फुल्याचा काहीच उपयोग नाही. मग तो कशासाठी? काम पुरे झाले हे सांगण्यासाठी. उपयोगाची वस्तू करणाऱ्या बाईला उपयोगापलीकडचे काही कळत नव्हते, असे ज्यांना वाटते त्यांनी हा फुला बघावा. कला आणि कारागिरी यांच्या सीमेवर आपल्या विद्यापीठांत जी चर्चासत्रे होतात, त्यांपैकी काहींना मी पदरमोड करून हजर राहिलो आहे. तिथे कोणाच्या तोंडून फुला हा शब्द ऐकला नाही.

घर वाचायचे कसे, याचा वस्तुपाठ अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीने दिला. नदीच्या वळणात अडकलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. 2002 साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयातून तिथल्या क्विल्ट्सचे प्रदर्शन निघाले आणि मग व्हिटनीतही आले. तीच व्हिटनी, एकतीस वर्षांनी. या वेळी पाट्यांवर नावे होती आणि बायकांच्या तोंडची हकिगतही होती. त्यांतली मिझुरी पेटवे हिची 1942 ची क्विल्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवरा वारल्यावर तिने त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून ती केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या पांघरुणाखाली झोपता यावे म्हणून, असे तिच्या मुलीने सांगितले आहे. ही हकीगत ऐकून आपण लगेच 'मायेची ऊब' म्हणून मोकळे होऊ. पण क्विल्टकडे बघा. विटलेले निळे, करडे, मातकट असे मोठमोठे उभे-आडवे तुकडे. मापे विजारीच्या पायाची आणि सदऱ्याच्या पाठीची, म्हणजे माणसाच्या अंगाची. लहान तुकडे करून नमुना बसवणे तिला सहज जमले असते. ते तिने केले नाही. दुःख त्या न कापण्यात आहे, आणि न कापणे हा हाताचा निर्णय आहे.

याच वस्तीच्या परिसरात 1966 साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था निघाली. शहरातल्या दुकानांची मागणी आली की मापे नेमकी हवीत, टाके सारखे हवेत. घरी जो नमुना मनाप्रमाणे मोडायचा, तो इथे मोडता येत नसे. 1972 पासून सीअर्स या मोठ्या दुकानासाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचे काम मिळाले. उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी नेत. पुढच्या काळातल्या जीज बेंडच्या काही उत्तम क्विल्ट्स या जाड, गडद, उजेडात रंग बदलणाऱ्या कापडाच्या आहेत. कॉर्डरॉय शिवायला अवघड, बारीक कापले तर सुटते, म्हणून तुकडे मोठे राहिले आणि रचना धीट झाली. बाजाराने पुढच्या दाराने बंधन आणले आणि मागच्या दाराने साहित्य दिले. तिथे पैशाचा प्रश्नही सुटला असे नाही. 2007 मध्ये काही क्विल्ट करणाऱ्या बायका मोबदल्यासाठी व हक्कांसाठी न्यायालयात गेल्या आणि पुढे तडजोड झाली.

पैशाची गोष्ट निघाली आहे तर हॅरिएट पॉवर्सला वगळता येणार नाही. 1837 मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मलेली ही बाई. तिने बायबलमधल्या प्रसंगांची अकरा चौकटींची क्विल्ट केली आणि ती 1886 साली अथेन्स गावच्या कापूस जत्रेत मांडली गेली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रशिक्षिकेने ती विकत मागितली, पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी घरची ओढग्रस्त वाढली तेव्हा तीच दहा डॉलरला द्यायला निघाली, आणि शेवटी सौदा पाच डॉलरवर तुटला. त्यानंतर आपली क्विल्ट बघायला ती स्मिथकडे अनेकदा जात असे. चौकटीचौकटीचा अर्थ तिने सांगितला आणि स्मिथने तो लिहून ठेवला, म्हणून आज ती वाचता येते. ती आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिच्यात हाताचे टाके आहेत आणि मशीनचेही. आपल्याकडे 'अस्सल' गोधडी म्हणजे हाताचीच असा जो हट्ट शहरी खरेदीदार धरतो, त्याला हे सांगावेसे वाटते. मशीनने आकृत्या घट्ट बसवून वेळ वाचवावा की नाही हे पॉवर्सने तिच्या कामाच्या गरजेप्रमाणे ठरवले होते, आपल्या हळवेपणाच्या गरजेप्रमाणे नाही.

घरातल्या अडचणीतून कलाप्रकार कसा बदलतो, हे नुकत्याच, 2024 मध्ये, वारलेल्या फेथ रिंगगोल्डच्या बाबतीत स्पष्ट दिसते. ती शिकलेली चित्रकर्ती. 1972 साली ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिने तिबेटी थांगका पाहिले आणि आपली चित्रे कापडी किनारीवर बसवायला लागली. चौकटीवर ताणलेले अवजड कॅनव्हास हलवायला दुसऱ्याची मदत लागते, कापड मात्र गुंडाळून स्वतः नेता येते. 1980 ची 'एकोज ऑफ हार्लेम' तिने तिच्या आईबरोबर, विली पोझी या पोशाख-रचनाकार बाईबरोबर केली. पुढे आत्मचरित्राला प्रकाशक मिळेना, तेव्हा 1983 पासून क्विल्टवरच गोष्टी लिहायला लागली. 1988 ची 'टार बीच' जगप्रसिद्ध झाली. माझे मत थोडे वेगळे आहे. 'टार बीच'मध्ये मधले चित्र इतके बलवान आहे की कापड फक्त किनारीला उरते. 'एकोज'मध्ये तीस रंगवलेले चेहरे आणि कापडाचे तुकडे यांत कोण कोणाला धरून आहे हे ठरवता येत नाही. आई आणि मुलगी यांच्या कामातली शिवण दिसते, पण झाकली जात नाही. मला ती वरची वाटते.

आता आपल्या शहरांतल्या प्रदर्शनांकडे येतो. गेल्या काही वर्षांत 'आर्ट क्विल्ट' नावाने घरी काम करणाऱ्या अनेक जणी पुढे आल्या आहेत आणि त्यांतले काही काम खरोखर चांगले आहे. पण पाहायला गेलो की सारख्या दोन गोष्टी खटकतात. एक, झाडे, चिमण्या, वाडा, तुळशीवृंदावन असे चित्र आधी ठरते आणि कापडाने ते फक्त भरले जाते. रंगांऐवजी चिंध्या, एवढाच फरक. काही ठिकाणी तुकडे चिकटवलेले असतात आणि टाके नावापुरते. दुसरी गोष्ट माझ्या फसलेल्या गोधडीने शिकवली. ती मी भिंतीवर टांगली तेव्हा वरची कड दोन खिळ्यांमध्ये झोळीसारखी खाली आली आणि तळाशी भर साचल्यासारखा फुगवटा दिसू लागला. जमिनीवर सारखे वाटले जाणारे वजन टांगल्यावर सगळे वरच्या कडेवर येते. पाठीला पूर्ण लांबीचा नेफा शिवून त्यात काठी घालावी लागते. म्हणजे भिंतीसाठी करायची तर ती पहिल्या टाक्यापासून भिंतीसाठीच करायला हवी : भर कमी, वरची कड भक्कम, टाके जवळ. हे ज्यांनी ओळखले त्यांचे काम वेगळे उठून दिसते. ज्यांनी पलंगाची वस्तू भिंतीवर नेऊन लावली त्यांचे काम लोंबते, आणि त्यावर आपण 'पारंपरिक' अशी पाटी लावतो.

एका प्रदर्शनात मी मागची बाजू बघायची विनंती केली. दुसरे अस्तर लावून मागचे टाके झाकले आहेत, असे उत्तर मिळाले, काहीशा अभिमानाने. मला ते हस्तलिखिताची पाने एकमेकांना डकवून टाकल्यासारखे वाटले.

आत्याची वाकळ मी शेवटी उलटी केली. गावी, तिच्यासमोर, अंगणात. वरच्या बाजूला रंगीत तुकड्यांच्या गर्दीत टाके लपतात. उलट्या बाजूला एकरंगी अस्तर असते, तिथे फक्त टाकेच असतात. बघता बघता तीन हात वेगळे दिसायला लागले. एक टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि सरळ, तो आत्याचा. एक थोडा तिरका, दर चार बोटांवर किंचित वर चढणारा. तो शेजारणीचा, ती डावखुरी होती. आणि एका कोपऱ्यात लांब लांब, ओढून घातलेले, मधेच गाठ मारून सोडलेले टाके.

"ती तुझी आई," आत्या म्हणाली. "चुलीवर भाकरी टाकून यायची. तिला दम कुठला."

मी त्या कोपऱ्याचे माप घेतले : साधारण दीड फूट बाय दोन फूट. तिथे अस्तराचा रंग बाकीच्यापेक्षा एका छटेने गडद आहे, आणि लांब टाक्यांखाली जुन्या टाक्यांची बारीक भोके सरळ रांगेत दिसतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. म्हणजे तो कोपरा आधी आत्याने शिवला होता, फाटला, आणि नंतर आईने एकटीने दुरुस्त केला. आत्याला ते आठवत नव्हते. तिने चष्मा लावून भोके पाहिली, बोट फिरवले, आणि म्हणाली, "मग त्या वर्षी मी इथं नव्हते."